शेजारच्या अंकलची सातव्या दिवसाची मीस (चर्चमधली प्रार्थना) आहे, चर्चमध्ये पहिल्यांदाच जातेय, तिथे काय कसं असतं?

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं झाली म्हापशाजवळ राहतोय. आमचे घरमालक अंकल गेल्या शुक्रवारी गेले. मी नेमकी गावी होते त्यामुळे मातीला जाता आलं नाही, आणि ते मनाला फार लागून राहिलंय, कारण आमच्या लेकीला सायकल शिकवली ती अंकलनी, रोज संध्याकाळी गेटपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि ती शाळेतून आली की आधी त्यांच्याकडे पळायची. काल आंटीकडे गेले होते तर म्हणाल्या गुरुवारी साडेपाचला सातव्या दिवसाची मीस आहे, तुमीं सगळीं येयात. मी हो म्हणाले पण खरं सांगू का, मी आयुष्यात चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कधी बसलेली नाही, जुन्या गोव्याला पाहुण्यांना घेऊन गेलेय तेवढंच. कपडे कसले घालायचे, कुठे बसायचं, गुडघे टेकावे लागतात का, काही न्यायचं असतं का, प्रसाद देतात तो घ्यायचा का, लेक सहा वर्षांची आहे तिला नेलं तर चालेल का. आंटींना विचारायला संकोच वाटतो, त्या दुःखात आहेत. माझ्याकडून नकळत काही चुकू नये एवढंच. कुणी नीट सांगेल का?

चिंचेचं_झाड
ताई, अजिबात घाबरू नका. मी बार्देशचाच, हिंदू, लहानपणापासून शेजारच्यांच्या मिशी (मीसचं अनेकवचन हां), फेस्तं म्हणजे चर्चचे सण, काजारं म्हणजे लग्नं, मरणं सगळीकडे जाऊन आलोय. आमच्याकडे वाड्यावर कुणी गेलं की धर्म बघून कोण घरी बसत नाही.

कपडे साधे, पांढरे नाहीतर गडद रंगाचे, साडी किंवा पंजाबी ड्रेस एकदम चालतो. खांदे आणि गुडघे झाकलेले असले की झालं. चपला काढायच्या नसतात, हे आपल्याला पहिल्यांदा फार विचित्र वाटतं, पाय आपोआप दारात थांबतात. मोबाईल सायलेंटवर नाही, बंदच करा. आणि वेळेवर जा हां, मीस साडेपाचला म्हणजे साडेपाचलाच सुरू होते, आपल्या लग्नाच्या मुहूर्तासारखं थोडं इकडेतिकडे नसतं. पुढचे दोनतीन बाक घरच्यांसाठी सोडतात, तुम्ही मध्यापासून मागे बसा, म्हणजे पुढच्यांचं बघून उठता-बसता येतं. न्यायचं काही नसतं. फारच वाटलं तर फुलं न्या, ती मीस झाल्यावर घरचे सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत, जातात तेव्हा थडग्यावर ठेवता येतात.

लेकीला जरूर न्या. मुलं असतातच. रडायला लागली तर बाहेर व्हरांड्यात घेऊन उभं राहायचं, कोण काही बोलत नाही.

केळीच्या_बागेतला
मी वसईचा, कॅथलिक, गेली अकरा वर्षं मडगावात. आमच्याकडे वसईला हे सगळं मराठीतून चालतं, मिस्सा म्हणतो आम्ही, गोव्यात मीस. ताईंचा प्रश्न वाचून बरं वाटलं म्हणून सविस्तर लिहितो, लांबेल.

दारातून आत शिरलं की बाजूला शिंपल्यासारखं दगडी भांडं असतं, त्यात पवित्र पाणी. लोक त्यात बोट बुडवून कपाळ, छाती, दोन्ही खांदे अशी क्रुसाची खूण करतात. तुम्ही नाही केली तरी काही बिघडत नाही. बाकात शिरताना लोक एक गुडघा टेकतात ते कुणा मूर्तीसाठी नसतं, समोर एक लहान पेटी असते आणि तिच्याजवळ दिवा सतत जळत असतो, त्या पेटीत पवित्र भाकर ठेवलेली असते, तिला तो मान. तुम्ही नुसती मान लववली तरी छान.

पाद्री आत येतात तेव्हा सगळे उभे राहतात, गाणं होतं. जांभळा किंवा पांढरा झगा असेल, मृतांसाठीच्या मिस्साला तसा असतो. अंकलचं नाव सुरुवातीलाच घेतील, ही मीस त्यांच्यासाठी अर्पण करतोय म्हणून. मग सगळेजण मिळून आपल्या चुकांची क्षमा मागतात. हा भाग मला स्वतःला फार आवडतो, कारण पाद्रीसुद्धा त्यात असतात, तेही सगळ्यांबरोबर म्हणतात की मी पाप केलं.

मग बसायचं. बायबलमधलं वाचन होतं, बहुतेक वेळा गावातलंच कुणीतरी किंवा घरातलंच कुणी वाचतं, त्यानंतर स्तोत्र, त्यात एक ओळ सगळे मिळून परत परत म्हणतात. रविवारी वाचनं दोन असतात, मधल्या वारी एक. नंतर शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या आयुष्यातला प्रसंग, तो पाद्री वाचतात आणि त्यासाठी सगळे उभे राहतात. तेव्हा लोक अंगठ्याने कपाळावर, ओठांवर, छातीवर तीन बारीक क्रूस काढतात, हे शब्द डोक्यात, तोंडात आणि मनात राहोत असा त्याचा अर्थ. मग खाली बसून प्रवचन, गोव्यात शेर्मांव म्हणतात. त्यात अंकलबद्दल चार शब्द येतील, तेव्हा घरच्यांना रडू येतं.

यानंतर भाकर आणि द्राक्षारस वेदीवर आणतात. याच सुमाराला दानाची पिशवी फिरू शकते, दहावीस रुपये टाका नाहीतर पुढे सरकवा, कोण बघत नाही. आणि मग सगळ्यात महत्त्वाचा भाग. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडून दिली आणि म्हटलं हे माझं शरीर आहे, ते शब्द पाद्री वेदीवर म्हणतात, भाकर दोन्ही हातांनी वर उचलतात, तेव्हा छोटी घंटी वाजते. लोक गुडघ्यांवर असतात, बाकाला खाली लाकडी फळी असते ती त्यासाठीच. अख्ख्या चर्चमध्ये चिटपाखराचा आवाज नसतो. तुम्हाला गुडघे टेकायची सक्ती बिलकूल नाही, शांत बसून राहा, डोकं थोडं खाली. पण त्या दोनचार मिनिटांत उठून बाहेर जाऊ नका आणि लेकीलाही जवळ घ्या.

मग उभं राहून ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना, आणि त्यानंतर एकमेकांना शांती देतात. शेजारचा माणूस तुमच्याकडे वळून हात जोडेल किंवा हात पुढे करेल, तुम्हीही नमस्कार करा. हा नमस्कार काही उसना नाही, १९६९ साली भारतातल्या चर्चला रोमकडून ज्या भारतीय पद्धती वापरायची परवानगी मिळाली त्यातच हात जोडणं आहे.

मग ती पवित्र भाकर घ्यायला लोक रांगेने पुढे जातात, त्याला इथे कुमगार म्हणतात. तुम्ही जाऊ नका, जागेवर बसून राहा. शेवटी आशीर्वाद आणि गाणं. मधल्या वारची मीस चाळीसेक मिनिटांत आटपते, रविवारची तासभर.

वारणाकाठ
किती नीट सांगितलंत, वाचता वाचता डोळ्यासमोर आलं. एक विचारू का, राग मानू नका. रांगेत सगळे जाणार आणि आपण एकटेच बसून राहायचं म्हणजे आंटींना असं नाही ना वाटणार की यांना आमचं चालत नाही? आमच्याकडे प्रसाद नाकारला तर समोरच्याला लागतं.

रातपाळी
ताई हा प्रश्न मलाही तेव्हा कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. सहा वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणीचं काजार होतं, सासष्टीतल्या एका चर्चमध्ये. मी रांगेत उभी राहिले, प्रसाद समजूनच. हातावर ती पांढरी पातळ चकती ठेवली, आणि आपल्याकडे कसं आपण थोडा प्रसाद घरच्यांसाठी ठेवतो तसा मी तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला, आईला द्यायला म्हणून. दोन पावलं टाकली नाहीत तोवर वाटणाऱ्या बाई मागून आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, बाय तू कॅथलिक काय? मी नाही म्हटलं. त्यांनी ती चकती माझ्याकडून घेतली, ओरडल्या नाहीत काही नाही, पण त्यांचा हात थरथरत होता. ते मी विसरू शकत नाही. नंतर मैत्रिणीने समजावलं की त्यांच्यासाठी ती भाकर आता भाकर उरलेलीच नसते, तो खुद्द देव असतो, आणि तो कुणी खिशात घालून नेला तर त्यांना काय वाटेल. मी जाऊन त्या बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या तुला माहीत नव्हतं, देवाला माहीत आहे.

म्हणून सांगते, बसून राहिलात तर कुणाला वाईट वाटणार नाही, गेलात तर वाटू शकतं.

केळीच्या_बागेतला
रातपाळी, तुम्ही हे मोकळेपणी लिहिलंत त्याबद्दल खरंच धन्यवाद. ताई, प्रसाद हा सगळ्यांसाठी असतो, जो येईल त्याला. कुमगार तसा नाही. लहान मुलांनासुद्धा तो लगेच मिळत नाही, साताठ वर्षांचं झाल्यावर शिकवणीला जाऊन, कुमसार म्हणजे पापांची कबुली देऊन मग पहिला कुमगार. आणि मोठे झालेले कॅथलिकही प्रत्येक वेळी जातातच असं नाही, मनात काही मोठं पाप असेल, कबुली दिलेली नसेल, किंवा तासाभरात काही खाल्लं असेल तर माणूस आपणहून बसून राहतो. त्यामुळे बाकात बसलेली तुम्ही एकटी नसणारच. आंटींना हे सगळं लहानपणापासून ठाऊक आहे. तुम्ही तिथे आहात हेच त्यांना दिसेल.

फोंड्याचा
धागा वाचतोय. मला कुणाचं मन दुखवायचं नाही पण मनातलं लिहितो. आमच्या घरात आजोबांनी उभ्या जन्मात चर्चची पायरी चढली नाही. आमचं कुळदैवत मंगेश, त्याचं मूळ ठिकाण कुठ्ठाळी, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांपासून वाचवायला लिंग रातोरात नदीपलीकडे प्रियोळला आणावं लागलं. शांतादुर्गा केळशीची कवळ्याला आली. इन्क्विझिशन, म्हणजे धर्माची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० ला सुरू झालं ते मध्ये चार वर्षांचा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. हे आमच्या घरात गोष्टीसारखं नाही, काल घडल्यासारखं सांगितलं जायचं. ‘सगळे देव सारखे’ असं पटकन म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

चिंचेचं_झाड
फोंड्याचा, तुमचं खरं आहे, ते झालंच, आणि ते विसरावं असं मी कुणाला सांगणार नाही. आमच्याही गावच्या देवळाची तीच कथा आहे. पण मी जातो तो शेजाऱ्यासाठी. माझे वडील हॉस्पिटलात होते तेव्हा रात्री दोन वाजता गाडी काढून आलेला माणूस दर रविवारी मिशीला जाणारा होता. त्याच्या आईच्या मरणाला मी बाहेर कसा उभा राहणार. आणि म्हापशाचंच बघा, मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मरियम मातेच्या, फेस्ताला किती हिंदू बायका तेल घेऊन रांगेत असतात, माझी आई दरवर्षी जायची. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्र सायबीण या सख्ख्या बहिणी, सात बहिणींतल्या, असं आमची आजी सांगायची आणि तिला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. दोन्ही गोष्टी याच मातीतल्या.

केळीच्या_बागेतला
फोंड्याचा, तुम्ही लिहिलंत ते वाईट नाही वाटलं. माझे पूर्वजही कधीतरी पोर्तुगीज काळातच ख्रिस्ती झाले, वसईत, कसे झाले ते घरात कुणाला ठाऊक नाही. मी जे घेऊन जन्मलो ते मी मनापासून मानतो आणि तुमच्या आजोबांचं दुःखही मानतो.

फोंड्याचा
तुम्ही असं उत्तर द्याल असं वाटलं नव्हतं. ताई, तुम्ही जा. अंकलसाठी जा.

ओवीबद्ध
भाषेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. ताई, मीस कोंकणीत असेल, पुस्तक दिलं तर त्यात कोंकणी रोमी लिपीत छापलेली असते, वाचायला अडखळाल पण कानांनी ऐकलं तर मराठी माणसाला बरंचसं कळतं. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हे लोकभाषेत आलं, त्याआधी लॅटिन आणि पाद्रींची पाठ लोकांकडे. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाय सांगायच्या की त्या लहान असताना मीस चालू असताना मनातल्या मनात तेर्स म्हणायच्या, माळेवरची प्रार्थना, कारण समोरचं कळायचंच नाही.

आणि मराठीचं गोव्याच्या चर्चशी नातं जुनंच आहे. फादर स्टीफन्स हे इंग्लंडचे जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले, सासष्टीत राहिले, आणि त्यांनी जवळपास अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत रचलं, १६१६ साली राशोलला छापलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणं ऐकायची सवय, ते तुटल्यासारखं झालं होतं, म्हणून त्यांच्याच छंदात. मी शाळेत असताना बाईंनी त्यातल्या मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या पाठ करून घेतल्या होत्या, अजून येतात.

पुण्याची_पाहुणी
थोडं विषयांतर, माफ करा. डिसेंबरमध्ये आम्ही दहाजणं येतोय, जुन्या गोव्यात आणि नाताळच्या रात्रीच्या प्रार्थनेला जायचंय. फोटो काढले तर चालतं का? तिकीट असतं का?

चिंचेचं_झाड
तिकीट कुठल्याच मिशीला नसतं. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये मीस चालू असेल तेव्हा फिरायला, फोटोला जाऊ नका, एकतर बसा नाहीतर बाहेर थांबा. हे मी जरा कळकळीने सांगतोय, कारण लोक प्रार्थनेत असताना मधल्या वाटेवरून सेल्फी काढत जाणारी माणसं मी डोळ्यांनी बघितली आहेत, आणि बाकावरच्या म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावर काय उमटलं तेही. आपल्या गाभाऱ्यात आरती चालू असताना कुणी असं केलं तर? अर्ध्या चड्ड्या, बिनबाह्यांचे टॉप घालून तर येऊच नका.

३ डिसेंबरला गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोवेनं. त्या दिवसांत पहाटेपासून मिशी असतात, बाहेर मोठा मांडव, हजारो लोक, खाजं-चण्यांची जत्रा. सेंट फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनजवळच्या बेटावर वारले, म्हणून ती तारीख. शव मात्र जवळून बघायला मिळेल असं समजू नका, ते वर चांदीच्या पेटीत असतं, दर दहा वर्षांनी खाली आणून से कॅथेड्रलमध्ये दर्शनाला ठेवतात. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ होतं.

पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चचं फेस्त ८ डिसेंबरला. नाताळच्या रात्री गर्दी इतकी असते की बऱ्याच गावांत मीस चर्चबाहेर मोकळ्या मैदानात होते. दहाजणं एकत्र बसायला मिळेल ही अपेक्षा नको, तासभर आधी जा, आणि मागची जागा घ्या, पुढची गावकऱ्यांना असू दे, त्यांचा वर्षाचा सण आहे. पिऊन येऊ नका, हे लिहावं लागतंय.

ओवीबद्ध
आणि सगळी चर्चं कॅथलिकच असतात असंही नाही हां. रायबंदरला ऑर्थोडॉक्स सिरियन चर्च आहे, तिथली उपासना पूर्ण वेगळी, लांब आणि बरीचशी उभं राहून. अल्वारिस मार ज्युलियस तिथे विसावले आहेत, वेर्ण्यात जन्मलेले आपले गोंयकारच, रोमपासून वेगळे झाले, १९२३ मध्ये वारले.

वारणाकाठ
मंडळी, जाऊन आले. काल लिहायचं होतं पण लेक झोपेपर्यंत उशीर झाला.

पांढरी साडी नेसले, नवऱ्याने साधा शर्ट. मागून चौथ्या बाकात बसलो. आंटी पुढे काळ्या कपड्यांत, शेजारी दोन्ही मुलगे, एक दुबईहून आलेला. त्यांनी मागे वळून बघितलं आणि आम्ही दिसलो तसा हात किंचित वर केला. तिथेच मला भरून आलं.

अंकलचं पूर्ण नाव पहिल्यांदा ऐकलं. तीन वर्षं अंकल अंकलच म्हणत होतो. कोंकणी बरीच कळली. पाद्रींनी सांगितलं की अंकल रोज संध्याकाळी मुलांच्या सायकलींची चेन बसवून द्यायचे, तेव्हा लेक मोठ्याने म्हणाली माझी पण, आणि पुढच्या बाकावरच्या बायका वळून हसल्या, रागावलं कुणी नाही. घंटी वाजली तेव्हा मी ठरवलं नव्हतं पण गुडघे टेकले. कुणाचं बघून नाही, त्या शांततेत बसून राहवेना. माझ्या आजोळी विठ्ठलाच्या काकडआरतीनंतर अशी शांतता व्हायची, बाकी साम्य काही नाही, पण ती आठवली.

रांग सुटली तेव्हा बसून राहिलो. आमच्या बाकातले एक काकाही बसून होते, केळीच्या बागेतल्यांनी सांगितलंत तसंच. शांतीच्या वेळी त्यांनी हात जोडले तेव्हा लेकीने त्यांना हात मिळवला, दोन्ही हातांनी.

मीस झाल्यावर सगळे दारात आंटींना भेटत होते. मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते, ते सगळं विसरले. त्यांनीच मला धरलं आणि म्हणाल्या, देव बरें करूं, म्हणजे देव तुमचं भलं करो. सिमितेरीत घेऊन गेल्या. मातीचा ढीग अजून ओलाच होता, वर लाकडी क्रूस, आम्ही नेलेली शेवंती ठेवली. म्हणाल्या, २ नोव्हेंबरला सगळे इथे मेणबत्त्या लावायला येतात, तू पोरीला घेऊन ये माझ्याबरोबर.

तर आता विचारायचंय, त्यासाठी मेणबत्त्या घरून न्यायच्या की तिथे मिळतात?

चिंचेचं_झाड
फार बरं केलंत ताई. मेणबत्त्या गेटवर विकायला बसतात पण घरून न्या, जाड बुंध्याच्या. आणि काचेचा जुना ग्लास न्या दोनतीन, संध्याकाळी तिथे वारा असतो, नुसती मेणबत्ती टिकत नाही. अंधार पडायच्या आत पोचा, लेकीला सगळी सिमितेर उजळताना बघता येईल.

केळीच्या_बागेतला
काडेपेटी विसरू नका. दरवर्षी सगळे एकमेकांकडे मागत असतात.